'शुभ बोल गो!' : वैद्यकीय इच्छापत्र कसं करायचं आणि त्यात खरं तर काय लिहायचं

२०२४ च्या मे अखेरीस, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात असलेले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपलं 'लिव्हिंग विल' केलं. गोव्यात अशी नोंद करणारे ते पहिले. बातमी आली, दोन दिवस चर्चा झाली आणि मग बहुतेक घरांत हा विषय जिथे संपतो तिथेच संपला : "शुभ बोल गो, सकाळच्या पारी कसले हे विषय!"

त्यामुळे गैरसमज तसेच राहिले. कुणाला वाटतं, हे इंजेक्शन देऊन मरण मागण्याचं पत्र आहे. कुणाला वाटतं, घर-भाट (घर आणि बागायत) कुणाला द्यायचं त्याचा कागद आहे. कुणी त्याला देहदानाचा फॉर्म समजतं. तिन्ही चूक.

मग आहे तरी काय?

लिव्हिंग विल, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र. 'मी बरा होण्याची आशा उरलेली नसेल आणि मला स्वतःला बोलता-ठरवता येत नसेल, तर माझ्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत आणि माझ्या वतीने कुणी बोलावं' हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेला कागद. दोन्ही अटी एकदम लागू झाल्या तरच तो कागद कामाला येतो. शुद्धीवर असलेल्या माणसाला डॉक्टरांनी त्यालाच विचारायचं असतं; तिथे कागदाचं काही काम नाही.

दुसरा शब्द उपशामक सेवा, इंग्रजी नावाने पॅलिएटिव्ह केअर. आजार हटत नसला तरी दुखणं, धाप, मळमळ, भीती यांवर केलेला उपचार. इच्छापत्रात 'उपचार नको' लिहिलं तरी ही सेवा कधीच बंद होत नाही. हे वाक्य दोनदा वाचावं, कारण निम्मी भीती इथेच असते.

टेकू आणि केळ

केळीला घड लागला की आपण टेकू देतो. घड तयार होईपर्यंत झाडाला उभं धरणं एवढंच टेकूचं काम. घड पिकवतं ते झाड. बुंधाच कुजला असेल तर टेकू खोड उभं ठेवील, पण त्यात रस भरणार नाही.

व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी औषधं हे सगळे टेकू. न्यूमोनियात फुप्फुसं पुष्कळदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत सावरतात, तोवर टेकू हवाच. मण्यार चावली तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. काही दिवस व्हेंटिलेटरवर काढले की माणूस अंगणात चालत घरी येऊ शकतो. म्हणून 'मला व्हेंटिलेटर कधीही नको' असं सरसकट लिहिणं हा इच्छापत्रातला सर्वांत मोठा घोटाळा. यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. टेकूखालचं झाड सावरणार आहे का, एवढं विचारायचं.

टेकूची किंमतही माहीत हवी. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून श्वासनलिकेत जाते. बोलता येत नाही, बहुतेकदा गुंगीचं औषध द्यावं लागतं आणि नळी ओढू नये म्हणून हात बांधावे लागू शकतात. साधारण दोन आठवड्यांत नळी निघाली नाही तर गळ्याला छेद देऊन तिथून श्वासाची वाट करण्याचा विषय निघतो. हृदय थांबल्यावर करतात त्या सीपीआरमध्ये छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबली जाते. म्हातारपणी त्यात पुष्कळदा बरगड्या मोडतात. ज्याचं हृदय अचानक अडखळलं त्याच्यासाठी हा सौदा सोन्याचा. कर्करोग सगळीकडे पसरून ज्याचे शेवटचे दिवस चालू आहेत, त्याचं हृदय आजाराच्या शेवटी थांबतं. ते सुरू झालं तरी आजार तिथेच उभा असतो.

कायदा कुठून आला

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांचा उपचार थांबवायला नकार दिला, पण विशिष्ट परिस्थितीत उपचार थांबवता येतात हे तत्त्व मान्य केलं. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि इच्छापत्राला मान्यता दिली. मात्र त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी होती, त्यामुळे कुणी त्या वाटेला जाईना. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती अट काढून प्रक्रिया सोपी केली. आज लागू आहे ती ही सुधारित पद्धत.

कागद कसा करायचा

करणारा सज्ञान, शुद्धीत आणि कुणाच्या दबावाखाली नसलेला हवा. कागदावर किमान एका विश्वासू माणसाचं नाव लागतं. एकाहून जास्त दिली तर उत्तम. गोव्यात तर ती द्यावीतच. मुलगा बोटीवर, मुलगी स्विंडनला आणि रात्री दोन वाजता बांबोळीच्या सरकारी इस्पितळात उभा शेजारी, हे चित्र नवं नाही. पहिलं नाव सर्वांत जवळच्या नातेवाइकाचंच असावं असंही नाही. रडतानाही आपल्या इच्छेप्रमाणे बोलू शकेल असं माणूस निवडा. पुष्कळदा ते पोटच्या मुलापेक्षा भाची किंवा धाकटा दीर निघतो.

सही दोन साक्षीदारांसमोर करायची. साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन. प्रती कागदात नाव दिलेल्या माणसांना द्यायच्या, घरचा डॉक्टर असेल तर त्याला, आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, म्हणजे पंचायत किंवा पालिकेच्या, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. प्रत दिल्याची पोच घ्यावी. मत बदललं तर कागद कधीही लेखी रद्द करता येतो किंवा नवा करता येतो. एकापेक्षा जास्त असतील तर शेवटचा वैध कागद धरला जातो.

मालमत्तेच्या मृत्युपत्राशी याची गल्लत करू नये. गोव्यात ते मृत्युपत्र २०१२ च्या वारसा कायद्याखाली, उपनिबंधक कार्यालयातल्या विशेष नोटरीसमोर होतं आणि हक्काचे वारस असतील तर मालमत्तेच्या अर्ध्या भागापुरतंच मन चालवता येतं. वैद्यकीय इच्छापत्राला असली कुठलीही वाटणी लागू नाही. दोन्ही मजकूर एकाच कागदावर तर मुळीच नकोत : मालमत्तेचा कागद माणूस गेल्यावर उघडतात, आणि हा कागद तो असतानाच हवा असतो.

खरी अडचण : लिहायचं काय?

सही-शिक्का ही एका सकाळची कामं. लोक अडतात ते कोऱ्या पानापुढे. कारण पान विचारतं 'कसं मरायचं?' आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. प्रश्न उलटा केला की गाडी हलते : आत्ताच्या दिवसातलं काय काढून घेतलं, तर उरलेला दिवस माझा राहणार नाही?

उत्तरं क्वचितच मोठी असतात. सोप्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणं. नातवंडांना नावाने हाक मारता येणं. ऑगस्टमध्ये वास्कोच्या सप्ताहाला दामोदरापुढे टाळ धरता येणं. स्वतःच्या हाताने पेज खाता येणं. कुणी म्हणेल, मला काही करता आलं नाही तरी चालेल, घरातले आवाज कानावर पडले की पुरे. एकाच घरातल्या नवरा-बायकोची उत्तरंही जुळत नाहीत, आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतर ती एकमेकांना माहीतही नसतात.

ही यादी झाली की तिचं डॉक्टरांना कळेल असं रूपांतर करायचं. 'मला सन्मानाने जाऊ द्या' हे वाक्य सुंदर आहे आणि अतिदक्षता विभागात निरुपयोगी आहे. त्यावरून कोणती नळी घालायची नि कोणती नाही ते ठरत नाही. मजकूर मोघम असेल तर वैद्यकीय मंडळ तो बाजूला ठेवतं आणि इच्छापत्र नसल्यासारखी प्रक्रिया चालते. त्यापेक्षा असं लिहिता येईल :

"माणसं ओळखता येत असतील आणि होकार-नकार कळवता येत असेल, तर अंथरुणावर पडून राहणं मला चालेल. त्यासाठी शस्त्रक्रिया, व्हेंटिलेटर, डायलिसिस करून पाहावं. ओळखण्याची शक्ती कायमची गेली आहे आणि परत येणार नाही असं तज्ज्ञांचं मत झालं, तर व्हेंटिलेटर सुरू करू नये, असल्यास काढावा, हृदय थांबल्यास सीपीआर करू नये. दुखणं आणि धाप यांवरचं औषध पूर्ण द्यावं, त्याने गुंगी आली तरी. शक्य असेल तर घरी न्यावं."

यातला 'कायमची' हा शब्द फार कामाचा. धडधाकट माणसाला वाटतं, पाय गेले तर जगण्यात काय राम? पण पाय गेलेली बहुतेक माणसं काही महिन्यांत नव्या आयुष्याशी जमवून घेतात आणि विचारलं तर 'बरं चाललंय' म्हणतात. आपण आपल्या जुळवून घेण्याच्या ताकदीचा अंदाज नेहमी कमीच धरतो. म्हणून पहिल्या धक्क्यात किंवा नुकतंच कुणाचं वाईट मरण पाहून आल्यावर इच्छापत्र लिहू नये. महिनाभर थांबावं.

आणखी एक उपयोगी सोय म्हणजे मुदतीचा प्रयत्न. 'यंत्र लावा, पण ठरावीक दिवसांनी थांबून बघा' असं लिहिता येतं. पक्षाघातानंतरचे पहिले दिवस धूसर असतात. तिथे आधीच 'नको' म्हणण्यापेक्षा हे शहाणपणाचं. यंत्र काढताना 'आपण मारलं' असं घरच्यांना वाटतं, त्या वेळी 'मुदत बाबांनीच घातली होती' हे शब्द मोठा आधार होतात.

बोलणं कसं काढायचं

"बाबा, तुम्हाला मरताना काय हवंय?" असं विचारलं तर शुभ बोल गो हेच ऐकू येणार. आपली अडचण सांगावी : "बाबा, उद्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी कागद पुढे करून माझी सही मागितली, तर मी काय सांगू? मला भीती वाटते, माझं चुकेल." म्हातारी माणसं स्वतःच्या मरणाविषयी बोलायला तयार नसतात, पण मुलीची अडचण सोडवायला लगेच सरसावतात. "देव बघेल" असं उत्तर आलं तरी ते उत्तरच आहे, पुढे विचारावं, "देव बघेपर्यंत माझ्या वतीने कुणी बघावं, आई की काका?" एका बैठकीत सगळं होत नाही. ओळखीत कुणी अतिदक्षता विभागात असल्याची बातमी येते, तेव्हा हा विषय आपोआप दाराशी येतो.

हे दयामरण झालं की नाही?

जीव जावा म्हणून औषध देणं भारतात गुन्हा आहे आणि कुठल्याही इच्छापत्राने ते मागता येत नाही. इथे आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देतात आणि फक्त टेकू काढतात. कायद्याच्या भाषेत याला निष्क्रिय दयामरण म्हणत आले आहेत. त्या नावानेच निम्मा गोंधळ केला. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात अन्न, पाणी, औषध सोडून देह ठेवला, ती गोष्ट लोक इथे आठवतात. पण तो शुद्धीतल्या माणसाने समजून केलेला त्याग होता. इच्छापत्राचा प्रश्न बेशुद्ध माणसाचा आहे, दोन्ही एका मापाने मोजू नयेत.

शेजारच्या कुटुंबाची अडचण निराळी असेल : चर्चला हे चालतं का? रोमन कॅथलिक शिकवणीत दयामरण निषिद्धच आहे, पण रुग्णाला फार जाचक आणि फायद्याच्या मानाने अवाजवी ठरणारे उपचार थांबवण्याला तिची हरकत नाही. व्हॅटिकनने १९८० च्या जाहीरनाम्यातच ते सांगितलं आहे.

जमिनीच्या लोभाने कुणी गैरफायदा घेतला तर?

शंका रास्त आहे. गोव्यात जमिनीचे भाव पाहता जास्तच. म्हणून निर्णय घरच्यांच्या हाती दिलेला नाही. कागद खरा आहे याची खात्री झाल्यावर रुग्णालयाचं पहिलं मंडळ बसतं : उपचार करणारा डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांचं मत शक्यतो ४८ तासांत. ते अनुकूल असेल तर दुसरं मंडळ : जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले आणखी दोन तज्ज्ञ, तेही शक्यतो ४८ तासांत. कागदात नाव असलेल्या माणसांची संमती लागते आणि अंमलबजावणीआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. दोन मंडळांतल्या सहा डॉक्टरांना बरं होण्याची आशा दिसत नसेल, तरच लोभी पुतण्याचं काही चालेल. आणि तेव्हा त्याने काही करण्याची गरजही उरलेली नसते.

इच्छापत्र नसेल तरी हीच दोन मंडळं बसतात, फक्त रुग्णाच्या शब्दांऐवजी घरच्यांची लेखी संमती लागते. परदेशातला एक भाऊ 'सगळं करा' म्हणतो, बारा वर्षं सेवा केलेली बहीण 'पुरे' म्हणते, आणि भांडण तिथे सुरू होतं. मग वैतागून 'डामा' घेतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून रुग्णाला घरी नेतात. हा सर्वांत वाईट मार्ग. यंत्र सुटतं, पण दुखण्याचं औषध, ते देणारा हात, विचारायला डॉक्टर यांतलं काहीच बरोबर येत नाही.

म्हणजे उपाशी ठेवायचं?

हा प्रश्न आईच्या तोंडून येतो आणि जेवू घालण्याला आपल्याकडे जो अर्थ आहे तो पाहता येणारच. शेवटच्या दिवसांत भूक मरते. खाणं थांबलं म्हणून मरण येतं असं नसून, शरीर आटोपतं घेत असतं म्हणून खाणं थांबतं. तेव्हा सलाइन वाढवलं तर पाणी हातापायांत आणि फुप्फुसांत साचतं, घरघर वाढते. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नाकातून घातलेल्या नळीने आयुष्य वाढत नाही आणि ठसका लागून होणारा न्यूमोनियाही टळत नाही. मागेल तेवढी चमचाभर पेज, ओठांना ओला बोळा, तुळशीचं पाणी. तेवढं त्याला पोचतं.

आणि मॉर्फिन?

मॉर्फिन हे तीव्र दुखण्यावरचं औषध. ते दिलं म्हणजे संपवलं, ही समजूत डॉक्टरांतही आढळते. लहान मात्रेने सुरू करून, गोळी असल्यास साधारण दर ४ तासांनी, दुखण्याप्रमाणे वाढवत नेलं तर ते मरण ओढून आणत नाही. धापही कमी करतं. त्याचा रोजचा त्रास म्हणजे बद्धकोष्ठ, त्यामुळे रेचक पहिल्या दिवसापासून सोबत हवं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं.

गोळीला न बधणारं दुखणंही असतं. लंडनमध्ये १९६७ मध्ये आधुनिक हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं सेवागृह, उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स त्याला समग्र वेदना म्हणत : शरीर, मन, नाती आणि 'माझ्या जगण्याचा अर्थ काय झाला' हा प्रश्न, सगळं एकत्र ठणकतं. आपल्याकडे त्याची रूपं ओळखीची आहेत. भावाशी वीस वर्षांचा अबोला, घराची अर्धवट राहिलेली इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीचं कोर्टातलं काम), अविवाहित मुलीचं पुढे काय ही काळजी. रात्री दुखणं वाढतं ते अनेकदा यामुळे, आणि भावाला एक फोन लावल्यावर मात्रा कमी करावी लागते, हे या कामातल्या माणसांना नवं नाही. काही ठिकाणी रुग्णाला तासभर बोलतं करतात : कशाचा अभिमान वाटतो, मुलांना काय सांगायचं राहिलं. ते टिपून घेतात, वाचून दाखवतात, दुरुस्त करून घरच्यांच्या हाती देतात. हे घरीही मोबाईलवर करता येतं. लोटलीला शांती अवेदना सदन आहे, तिथे कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना विनामूल्य सांभाळतात. या प्रकारची सेवा पाहायची असेल तर ती इथेच, गोव्यात आहे.

घरीच जायचं असेल तर

'घरी न्या' एवढं लिहून भागत नाही. शेवटच्या तासांत झोप वाढते, हातपाय गार पडून त्यांवर जांभळट ठिपके उठतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर येते. ती घरघर बघणाऱ्याला जास्त त्रास देते, रुग्णाला तेवढा नाही. कुशीवर वळवलं की कमी होते. हे आधी माहीत नसलं की कुणीतरी घाबरून १०८ ला फोन करतं. रुग्णवाहिकेतली माणसं आपलं काम करणार, म्हणजे सीपीआर करणार, आणि कपाटातला कागद कपाटातच राहणार. त्यामुळे भिंतीवर एक चिठ्ठी लावावी : रात्री कुणाला फोन करायचा, कोणतं औषध कुठे आहे. घरच्या डॉक्टरांनी आधीच्या दिवसांत रुग्णाला पाहिलेलं असावं, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला अडत नाही. नोंद २१ दिवसांच्या आत पंचायत किंवा पालिकेत करायची असते.

मी तर आत्ता पंचेचाळिशीत आहे

अपघात वय विचारत नाही, आणि दुचाकीने जुवारी पूल रोज ओलांडणाऱ्याला हे सांगायला नको. अपघातात मेंदूमृत्यू झाला तर अवयवदानाच्या कायद्याप्रमाणे तो मृत्यूच धरला जातो, तिथे प्रश्न अवयवदानाचा येतो. त्याबद्दलची इच्छाही वेगळ्या ओळीत लिहून ठेवता येते. डोळे उघडे आहेत, झोपेचं-जागेपणाचं चक्र चालू आहे, पण जाणीव नाही, ही वेगळी अवस्था, आणि तरुणांच्या इच्छापत्राचा खरा उपयोग तिथे.

कागद झाला की लॉकरमध्ये टाकू नये. बँक रविवारी बंद असते. मूळ प्रत घरात, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर, बोटीवरच्या मुलाच्याही. मोठं दुखणं निघालं, ऑपरेशन ठरलं किंवा सहज चतुर्थीला सगळे घरी जमले की एकदा वाचून पाहावा. आणि ज्याचं नाव आपण घातलं आहे ते माणूस आपल्याआधी गेलं, तर बाराव्याची गडबड सरल्यावर नोटरीकडे जाऊन दुसरं नाव घालावं.